उंदीरसुद्धा नाही

पाळणा सुटला की आधी कान दडपतात,
मग बोलणं.
सात मिनिटं, अकराशे मीटर.
वर स्टेथ्स गाव, लाल कौलांची उतरण, सीगलचा कलकलाट;
खाली मीठ,
उत्तर समुद्राच्या तळाखालचा दुसराच समुद्र,
पंचवीस कोटी वर्षांपूर्वी आटलेला.

लेन व्हेरिल पाळण्याचं दार ओढतो
आणि रोज विचारतो, "काय, घावलं का?"
मी रोज म्हणते, "नाही."

तीन वर्षांचं कंत्राट, त्यातली दोन गेली.
मिठाच्या पोटात एक पांढरी खोली,
खोलीत तांब्याचं पिंप, पिंपाभोवती शिसं,
कुठल्याशा पडक्या चर्चच्या छपरावरून उतरवलेलं,
तीनशे हिवाळे काढून निवलेलं.
नवं शिसं आतून कुरकुरत असतं,
आम्हाला म्हातारं लागतं.
आणि त्याच्याही आत, थंडगार द्रवात,
एक ठिणगी पडेल म्हणून आम्ही बसलेलो:
न दिसणाऱ्या पदार्थाचा एखादा कण
चुकून धडकला तर.
चुकून. तर.

मिरजेहून मामा फोनवर म्हणाला,
"डोंगर पोखरून उंदीर काढतात हे ऐकून होतो,
तुम्ही तर समुद्र पोखरलात."
मी म्हटलं, मामा, उंदीर निघाला असता
तर पेपरात फोटो आला असता.
आम्ही निबंधात एवढंच लिहितो की
अमुक वजनाचा उंदीर
शंभरातल्या नव्वद खात्रीने इथे नाही.
तो खूप हसला.
मग आवाज उतरवून म्हणाला, "पगार होतो ना वेळेवर?"

फेब्रुवारीत कंपनीने दोनशे माणसं कमी केली.
खतांचे भाव पडले, असं पत्रात होतं.
लेनची एकतीस वर्षं, ओठांवर रोजचा खारा थर.
खाल्ल्या मिठाला जागावं
हे मला त्याला इंग्रजीत सांगता येईना,
आणि इथे नेमकं कोणी जागायचं होतं, तेही.

शेवटच्या पाळीला तो म्हणाला, चल, माझं दाखवतो.
बंद पडलेल्या फाट्यावर, बॅटरीच्या उजेडात,
छताच्या खिळ्याला टांगलेला ओळंबा,
मागे जमिनीत रोवलेली फळी,
फळीवर पेन्सिलीच्या रेघा, प्रत्येकीपुढे तारीख.
दाराच्या चौकटीवर पोरांची उंची नोंदतात तशा,
फक्त इथे रेघा खाली खाली आलेल्या.
"मीठ वाहतं," तो म्हणाला, "कळत नाही, पण वाहतं.
छत उतरतंय."
मोजायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

तेवीस रेघा. मी मनात आलेख काढला:
नितळ वक्र, चूक केसाएवढी,
उतार वर्षागणिक मंदावणारा.
आमच्या पडद्यावर दोन वर्षं आडवी रेघ.
"लेन, तुला घावलंय," मी म्हटलं.
"छतच ते," तो म्हणाला. "जाणार कुठे?"

मेमध्ये स्विंडनहून समिती आली.
समाजाला उपयोग काय, असं त्यांनी विचारलं, सभ्यपणे.
मी स्लाइड दाखवल्या: रुग्णालयातली तपासणी,
बंदरावरच्या कंटेनरांची छाननी. सगळं खरंच होतं.
ओळंब्याची स्लाइड नव्हती.
अठरा महिने वाढवून मिळाले.

परवा व्हिटबीच्या सुपरमार्केटात लेन गल्ल्यावर.
निळं जाकीट, नखं पहिल्यांदाच स्वच्छ.
बटाटे, दूध, ब्लेडचं पाकीट त्याने एकेक करून पुढे सरकवलं.
मी "नाही" तयार ठेवलं होतं.
त्याने विचारलं, "किती?"
मी अंगठा आणि बोट यांत
दोन तांदळांएवढी फट धरली.
फटीकडे तो बघत राहिला,
मग कानामागची पेन्सिल काढून
माझ्याच पावतीच्या पाठीवर
तारीख लिहिली, आणि पावती खिशात घातली.

रांगेतली बाई खोकली.