वारा पडेपर्यंत

रास अल खैमा, सक्र बंदर. शमाल उठलाय,
क्रेन बंद. चाळीस मीटरवर काचेच्या केबिनमध्ये
मी एकटा. खाली चुनखडीचा ढीग धूर होऊन उडतोय.

कोकमं, तिरफळं, आणि त्यांच्याखाली हे पुस्तक,
केतकीने गाववाल्याच्या हातून धाडलेलं.
ग्रीक राजाची जुनीच गोष्ट, पण आता
सांगतेय त्याची बायको.

आम्ही वारा पडायची वाट बघतो,
त्याची गलबतं वारा सुटायची.
म्हणून त्यानं लेकीला निरोप धाडला:
ये, तुझं लग्न ठरवलंय.
ती नटून आली. वेदीवर
नवरा नव्हता, सुरी होती.
भोवती हजार पुरुष, एकमेकांच्या नजरेत
बायल्या ठरायला घाबरलेले.

पोरीने पेन्सिलीने
एकाच शब्दाखाली रेघ ओढलीय: नटून.
दोनदा. कागद फाटेस्तोवर.

कॅम्पवर हरेश्वर परब बाप गेल्याची खबर ऐकून
मीठ मागत राहिला, आमटी अळणी आहे म्हणाला.
आम्ही म्हटलं, मर्द आहे.
त्याच रात्री मी फोनवर म्हणालो,
पुण्याचं कॉलेज बास. मालवणचं स्थळ, माझा शब्द गेलाय.
सगळी खोली ऐकत होती. आवाज चढवला
तो खोलीसाठी.

पाटल्या घेतल्यात दुबईतून. चार तोळे.
पेटीत, कुलपाआड.

वारा पडला. वॉकीटॉकी ओरडतोय, सुरू कर.
हात लिव्हरवर जात नाही.
फोन लावतो. ती उचलते, गप्प.
मी विचारतो, जेवलीस?
मग, बऱ्याच वेळाने,
रेघ बघितली गो.