तिसरी खुर्ची

पाचपावलीच्या दवाखान्यात आता तिसरी खुर्ची आहे,
एक पाय आखूड, त्याखाली औषधाच्या खोक्याची घडी.
मेडिकलची पोरगी बसते तिच्यावर, बुधवारी.
स्टेथोस्कोप अजून नवा, कडक.

"सर, याचे पैसे मिळतात का तुम्हाला?"
मी गोळ्या लिहीत राहिलो.
रांग दारापर्यंत; तिच्यामुळे तासभर उशीर.

डिसेंबर. धकातेबाई टेबलावर आडव्या.
पोरीने पोटावर हात ठेवला तशा दचकल्या:
"आधी हात चोळ वं माय, बर्फ हाय नुसता.
यायले बी मीच सांगतलं होतं,
नवे होते तवा."

पोरगी हसली. तळवे चोळू लागली.
मी टेबलाखाली
माझेही चोळले,
सवयीने.