हिला दगड लागला न्हाई

तासगावात, मणेराजुरीच्या रस्त्याला,
दस्तगीर शिकलगारचं दुकान म्हणजे
पायानं फिरवायचं चाक, पाण्याचा डबा
आणि विरळणीच्या दिवसांत
सुतळीत ओवलेल्या पाच-पन्नास कात्र्या.

मी शाळेची कात्री घेऊन गेले.
पिशवीत चित्रांचं जाड पुस्तक होतं.
त्यानं हात लुंगीला पुसले,
आणि उघडलं ते नेमकं कुऱ्हाडीचं पान.

मिसरच्या कुण्या राजाची.
पात्यावर सोनं, सोन्यात निळे खडे,
गुडघ्यावर आलेला शत्रू, त्याचे केस राजाच्या मुठीत.
पातं दांड्याला सोन्याच्या पट्टीनं बांधलेलं.

पान नाकाशी नेऊन तो बघत राहिला.
राजा त्यानं पाहिलाच नाही.
"बाई, हिला दगड लागला न्हाई कधी.
काठ बघा की, वतला तसाच.
आणि सोन्याची वादी? पहिल्या घावाला सैल.
ही बाभळीला भेटलेली न्हाई."

मी म्हटलं, मेल्यावर सोबत ठेवायचे.
"मग बरोबर," तो म्हणाला,
"तिकडं कोण झिजवतंय."

पुढच्या पानावर थडग्याची भिंत.
सुतार ओळीनं, हातात वाकस,
वादीचे वेढेसुद्धा मोजून काढलेले.
कोपऱ्यात एक उकिडवा, गुडघ्यापाशी दगड,
दगडावर पातं तिरकं धरलेलं,
आणि तोंडाच्या जागी नुसता पोपडा.

दस्तगीरचं बोट तिथं थांबलं.
"ह्यो आमच्यातला. तोंड कुठं गेलं ह्याचं?"
मी म्हटलं, ओल आली असेल.
मग आठवलं, तिकडं पाऊसच नाही.

चाक थोडा वेळ तसंच उभं.
मी सुतळीतल्या कात्र्या बघत होते:
एकीवर चिंचेचं पान, एकीवर मासा,
एकीवर गणपतीच्या देवळाचं गोपूर, सातही मजले,
सगळं खिळ्याच्या टोकानं.
नक्षी छान आहे, म्हटलं.
"नक्षी कसली! द्वारका सनदीची ही,
ही तिच्या जावेची. न्हाईतर बागेत भांडणं."

मग माझी कात्री चाकाला लागली.
ठिणग्या डब्यात पडून विझल्या.
चिंधी कापून बघितली, दोनदा,
आणि न विचारता खिळा उचलला.

तांदळाएवढा माणूस, उकिडवा.
दगड. पातं.
डोक्याच्या जागी खिळा जरा जास्त दाबला.

वीस रुपये झाले.

पाचवीतली पोरं विचारतात,
बाई, कात्रीवर हा कोण बसलाय?
मी सांगते, कागद सरळ कापा.