अजून लवकर आहे

फॅरिंग्डनला, तिसऱ्या मजल्यावर, सकाळी नऊला
अपोंडी ओगुटू पडद्यावर आली.
लंडनला स्वतःच येणार होती; व्हिसा नाकारला,
परत जायला पुरेशी कारणं दिसत नाहीत म्हणून.
तिच्या पाठीमागे अकरा कारणं रांगेत उभी होती :
निळे पेटारे, झाकणावर सोलर, पोटात बर्फ.

सरोवराची मासळी किनाऱ्याला लागायची
आणि दुपारपर्यंत दुसऱ्यांदा मरायची.
आता पेटारा भाड्यानं मिळतो, पैसे फोनवरून,
आणि कोळणी भाव सांगून गप्प बसतात.
घाई गिऱ्हाइकाला.

हॅमिशनं विचारलं, बाजारपेठ केवढी?
म्हणाली, किसुमूपासून पाणी संपेपर्यंत.
हॅमिशनं विचारलं, कंपनी डेलावेअरला हलवाल?
ती थांबली. मागे कुणीतरी बर्फ फोडत होतं.
"कागद हलवीन. पेटारे नाही."

मी टिपणं घेत होते.
तक्त्यात जोखमीला पाच ओळी,
बर्फाला एकही नाही.

ती गेल्यावर कॉफी आली.
बाई हुशार आहे, हॅमिश म्हणाला,
पण आपल्यासाठी अजून लवकर आहे.
आमच्या दारावरच्या पाटीवर लिहिलंय :
सर्वांच्या आधी, तुमच्यासोबत.

पत्र लिहायचं काम माझं.

मिरजेत बाबांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं.
बोहनीचं गिऱ्हाईक त्यांनी कधी रिकामं पाठवलं नाही,
पट्ट्याला नुसतं एक भोक पाडून हवं असलं तरी.
पुढचा सगळा दिवस त्या भोकातून येतो, म्हणायचे.
मी इथे आठवड्याला चाळीस बोहन्या परत पाठवते,
नम्रपणे, साच्यातल्या मजकुरानं,
वर फक्त नाव बदलून.

या वेळी एक ओळ साच्याबाहेरची घातली,
पेटाऱ्यांबद्दल. मग खोडली.
मसुदा हॅमिशला पाठवला.
त्यानं अंगठा दाखवला.
इथे त्याचा अर्थ होकार असतो.

उत्तर चार मिनिटांत आलं.
आभार. बाराव्या पेटाऱ्याचे पैसे
किनाऱ्यावरच्या बायकांच्या भिशीतून जमलेत
(तिचा शब्द वेगळा होता, मी भिशीच वाचलं),
गुरुवारी उचल.

आणि खाली, नावाच्याही खाली,
आधी लिहून मग आठवल्यासारखं :
तुम्हाला उशीर झाला
की कळवा.