बिल्ला

खाणीतली माणसं जिथं कपडे बदलायची
त्या शेडमध्ये आता माझं दुकान आहे.
छताच्या कप्प्या तशाच, साखळ्या तशाच,
प्रत्येक साखळीला एक आकडा.
पूर्वी ओले कोट वर ओढून वाळत ठेवायचे,
फरशीवर रात्रभर लाल पाणी ठिबकायचं.
मी लाइफ जॅकेटं टांगते. नारिंगी, रिकामी.
दिवा मालवताना वर बघायचं नाही,
एवढा एकच नियम मी स्वतःला घातलाय.

सकाळी सहाला शिकागोची पोरं दारात.
परवाना, नकाशा, वल्ही,
अस्वलाच्या हाती लागू नये म्हणून अन्न झाडाला टांगायचा दोर.
सांगते, तिसऱ्या सरोवरानंतर फोन लागणार नाही.
त्यांचे चेहरे असे उजळतात
जसं मी काहीतरी फुकट दिलं.

बाबा शेगडीजवळ. लोव्रो, नव्वदीला टेकलेले.
बावीस वर्षं सहाव्या पातळीवर ड्रिल धरलं
आणि दोन्ही कान तिथंच ठेवून आले.
एक मुलगी वाकून त्यांना म्हणते,
"किती शांत आहे नाही इथं?"
ते मान हलवतात.
त्यांच्या डोक्यात तेव्हापासून एक शिट्टी वाजतेय,
ती बंद करायला पुढची पाळी आलीच नाही.

खाण मिटली तेव्हा मी चौथीत होते.
त्या सोमवारी चारचा सुरुंग उडाला नाही.
आई सवयीनं फळीपाशी गेली, कपबश्या धरायला,
आणि काहीच हललं नाही.
तशीच उभी राहिली, हात पसरून.

मग पंप थांबवले. पाणी चढत गेलं
रुळांवर, बाकांवर,
भिंतीवर खडूनं मांडलेल्या कुणाच्या तरी उधारीवर.
आता तिथं तळं आहे. पत्रकात त्याचा निळा फोटो.
सरकारनं ट्राउट सोडले.
खोली विचारली तर मी मीटर सांगते,
बाबा पातळ्या मोजतात.

खाली जाताना प्रत्येकानं पितळी बिल्ला घ्यायचा,
वर आलं की फळ्यावर टांगायचा.
शेवटच्या दिवशी बाबांनी तो खिशात घातला.
फळा माझ्या गल्ल्यामागे आहे.
चारशे सतराचा खिळा रिकामा.
नियमानं पाहिलं तर तो माणूस अजून खालीच आहे.

गावाच्या वेशीवर कमान उभारली : अरण्याचं प्रवेशद्वार.
पलीकडच्या ओजिब्वे वस्तीतली जोसेट
सरोवरातला भात विकायला येते, पोतं टेकवते, म्हणते,
"छान आहे. पण आम्ही बाहेर कधी गेलो होतो?"
मी तिला कॉफी देते. दुसरं काय देणार.

आता तांब्यासाठी नवी कंपनी आलीय.
माझ्या अंगणात पाटी : पाणी वाचवा.
समोर भावाच्या, मातियाच्या : पोट यावरच भरलंय.
मधला रस्ता आठ पावलांचा.
ईस्टरला तो आक्रोडाची पोतित्सा पाठवतो, आईच्या हातासारखी,
रिकामी ताटली परत करू नये म्हणून
मी ब्लूबेरी घालते.
ने-आण करतो त्याचा धाकटा. आम्ही बोलत नाही.
पोराला वाटतं, मोठ्यांचं असंच असतं.

जानेवारीत पाहुणे नसतात.
बाबा म्हणाले, तळ्यावर ने.
बर्फ हातभर जाड. काठी टेकत ते पावलं मोजत गेले,
थांबले, बूट आपटला.
"इथं. डाव्या हाताला आमचा जेवायचा बाक."
मी खाली पाहिलं, जणू दिसणार होता.

तेवढ्यात बर्फ तडकला,
या काठापासून त्या काठापर्यंत एक लांब दणका.
त्यांना तळव्यांतून कळला.
बाही सारून त्यांनी घड्याळ बघितलं.
तीन वाजून दहा मिनिटं.

"आज लवकर उडवला," म्हणाले,
आणि धूळ बसेपर्यंत
चेहरा वळवून उभे राहिले.