मु. पो. प्रेस्टन

रात्री अडीचला आई ड्यूटीवर निघते.
गाऊनवर कार्डिगन, त्यावर कोट,
पायात माझे बूट
आणि दाराच्या कडीशी झटापट.
"उशीर झाला. डोरीन केव्हाच पोचली असेल."
डोरीन जाऊन अकरा वर्षं झाली.
सॉर्टिंग ऑफिसच्या जागी फ्लॅट उभे आहेत.

आधी मी समजावत बसायचो.
समजावणं कसलं, भांडणच ते, हळू आवाजातलं.
आता स्वयंपाकघरातला दिवा लावतो,
टेबलावर चपलांचा रॅक उभा करतो, वीस खणांचा,
चप्पल कधी न शिवलेला,
आणि तिच्यापुढे पाकिटांचा गठ्ठा ठेवतो.

ही पाकिटं माझी.
रविवार रविवार बसून पत्ते लिहिले, तीनशे बारा.
कार्लाइलचे कोणी मिस्टर पोस्टलथ्वेट,
लँकेस्टरच्या कोणी विधवा बाई,
शेटलंडचा एक डॉक्टर. तीच ती बेटं,
नकाशात मावत नाहीत म्हणून
वेगळ्या चौकटीत कोंबलेली.
माणसं खोटी, पोस्टकोड खरे.
खोटा कोड तिला चालत नाही.

मग बघावेत तिचे हात.
सकाळी ज्यांना चमचा उमगत नाही,
ज्यांनी परवा कागदी रुमालाचा घास केला,
ते हात पत्ते पिसल्यासारखे चालू लागतात.
"एफवाय... एफवाय... एफवाय...
या ब्लॅकपूलवाल्यांना कोण एवढं लिहितं!"
सव्वीस वर्षांची नाइट शिफ्ट
मनगटात जाऊन बसली आहे,
डोक्याच्या वाटेला न जाता.

मधेच माझ्याकडे बघते.
"नवीन का? ख्रिसमसपुरता?"
हो, म्हणतो. ख्रिसमसपुरता.
जून महिना आहे.
साडेतीनलाच खिडकीत फटफटू लागलंय.
"अंगठ्यानं ढकल. मनगट वळवू नकोस.
चाळिशीनंतर भोवतं."
मी अठ्ठावन्नचा.
अंगठ्यानं ढकलतो.

दिवस वेगळा असतो.
दिवसा आंघोळ असते.
दिवसा ती मला ओळखत नाही आणि लाजते,
दोन्ही हात छातीशी,
"बाहेर हो, मेल्या!"
मी डोळे मिटून पाठ चोळतो,
आंधळ्यासारखा साबण चाचपतो.
तेंडाई येते वीस मिनिटं, मंगळवारी आणि शुक्रवारी,
कौन्सिलला तेवढीच परवडते.
टोरांटोहून ताई सांगते, बदाम दे, शब्दकोडी दे.

एकदा मी आईवर ओरडलो.
एकदाच नाही.
ते कुठल्या खणात टाकायचं
अजून सापडलेलं नाही.

परवा गठ्ठ्यात एक पाकीट सरकवलं, देवनागरीत:
कु. कुमुदिनी नारायण चौबळ,
मु. पो. वाघोटण, ता. देवगड, जि. रत्नागिरी.
जिल्हा बदलून चाळीस वर्षं होऊन गेली,
तिच्यासाठी जुनाच ठेवला.
तिचा हात थांबला.
पाकीट उलटं केलं, सुलटं केलं, नाकाशी नेलं.
वाटलं, आता बोलेल.
खाडी, होडी, बापाचा आवाज, काहीतरी.
"कोड नाही," म्हणाली,
आणि बाजूला ठेवलं.

काल पहाटे तिनं मिस्टर पोस्टलथ्वेटना
उजेडाकडे धरलं.
"आत काही नाही रे."
रे म्हणाली.
ख्रिसमसपुरत्या पोराला ती रे म्हणत नाही.
मी हललो नाही.
"असू दे. फोडून बघणं आपलं काम नव्हे,"
आणि पुढचं उचललं.

सहाला शिफ्ट संपते.
कोट काढताना बाहीत तिचा हात अडकला,
खिशात काहीतरी कडक लागलं.
दोनदा दुमडलेलं,
ते बिनकोडाचं.

तसंच राहू दिलं.
कोट खुंटीला लावला, चहा टाकला.