डिकीतला कान

ॲक्सिलरेटर सोडला की मागून ठक्क,
पुन्हा दाबला की ठक्क.
लाल होती म्हणतात ही दोन सीटांची गाडी;
आता रंग जुन्या विटेचा.

नागपूरवाल्यानं क्रॉस बदलले. आवाज तोच.
शेंदुरजन्याच्या इस्राईल मिस्त्रीनं,
हयात सारी ट्रॅक्टरच्या पोटाखाली,
मागची चाकं उचलली,
शाफ्ट पंजात धरून पिळला,
लांब पेचकस कानाला लावून डोळे मिटले.
"क्राऊन ठीक हाय. पिनियनबी.
थांबा, मी डिकीत बसतो. तुमी चालवा."

मोर्शी रोडवर मी दाबत, सोडत गेलो,
मागे घडी होऊन एक म्हातारा.
आवाज नाही.
दोन किलोमीटर, एकदाही नाही.
मला वाटलं, गेला की काय आतल्या आत.

झाकण उघडलं तर हसत होता.
"माह्या वजनानं दबला ना!
डिफ्रेन्शलचं रबर गेलं, भाऊ,
लोखंड लोखंडावर आपटते.
टायरातून कापून ठेवतो. बुधवारी या."

तोवर इलाज म्हणून
म्हाताऱ्याच्या वजनाइतकी संत्री डिकीत.
घरापर्यंत गाडी गप्प.
फक्त पुलाच्या वळणावर
काहीतरी घरंगळलं, मऊ,
आणि मी सवयीनं पाय काढला.